नळीची आवड

अनसिंगच्या जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकीने लहानपणी मला रडवलं होतं. नेम बरोबर फुग्यावर, छर्रा मात्र दरवेळी बोटभर डावीकडे. पुढे पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर माझी ये-जा सुरू झाली, तेव्हा तिथल्या एका जुन्या जाणत्याला हे सांगितलं. तो हसला. "दरवेळी डावीकडेच ना? मग बंदूक चांगलीच होती की! साइट जरा फिरवली असती तर काम झालं असतं. वाईट बंदूक ती, जी एकदा डावीकडे मारते आणि एकदा उजवीकडे."

रेंजवर सगळा जीव गोळ्या एकाच जागी पडण्यात, म्हणजे 'ग्रुप'मध्ये अडकलेला असतो. 50 मीटर रायफलच्या टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. त्यात 5.6 मिलिमीटरची गोळी पुन्हा पुन्हा बसवायची.

त्यासाठी पहिली परीक्षा गोळ्यांची. कंपनी तीच, डबी तीच, पण लॉट नंबर बदलला की ग्रुप बदलतो. म्हणून नळी शिकंज्यात घट्ट आवळतात, एकेका लॉटच्या दहा-दहा गोळ्या झाडतात आणि भोकांचा पसारा मोजतात. एका नळीला आवडलेला लॉट शेजारच्या नळीला रुचेलच असं नाही. जमला, की त्याच लॉटचे खोके भरून घ्यायचे!

सेमी-ऑटोमॅटिक रायफलीत आणखी एक गोम असते. बोल्ट आपोआप मागेपुढे होतो, पुढची गोळी झटक्याने आत ढकलतो; ती दरवेळी अगदी तशीच बसेल याची खात्री नसते. ऑलिंपिकच्या 50 मीटर रायफलीत मात्र प्रत्येक गोळी हाताने भरतात. सेमी-ऑटोमॅटिकचं राज्य 25 मीटर पिस्तुलात. तिथे स्पर्धेआधी ट्रिगरला एक किलोचं वजन अडकवून पिस्तूल उचलतात. ट्रिगर सुटला, तर पिस्तूल नापास. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण जिंकलं, तेही दोन शूट-ऑफनंतर.

टीव्हीवर न दिसणारी गंमत 50 मीटर रायफलच्या थ्री पोझिशन प्रकारात. गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून, तिन्ही वेळा रायफल एकच. पण मधल्या वेळेत नेमबाज तिचा दस्ता, गालाचा टेकू असं बरंच काही स्वतःच बदलतो. कुठला स्क्रू किती आकड्यावर, हे सरावातच ठरवून ठेवलेलं असतं. फायनलमध्ये शोधाशोध केली की संपलं.

1 ऑगस्ट 2024 ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे याच प्रकाराच्या फायनलला उतरला. स्पर्धा पॅरिस ऑलिंपिकची, पण रेंज तिथून दूर शातोरूला. पहिल्या दोन पोझिशननंतर तो पाचवा होता. उभ्याने एकेक जण बाद होत गेला आणि 451.4 गुणांवर त्याने कांस्य घेतलं. खाशाबा जाधवांच्या 1952 च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

तेव्हा पुढच्या जत्रेत पहिले तीन छर्रे एकाच जागी नेम धरून मारा. तिन्ही डावीकडे एकमेकांजवळ पडले, तर बंदुकवाल्याशी भांडू नका. नेम तेवढा उजवीकडे सरकवा.