शुश्रूषा शिकावी लागते

घरातील वृद्ध व्यक्ती अंथरुणाला खिळली की तिची सेवा हे प्रेमाचे काम, असे आपण सहज म्हणतो. प्रेम असले की सेवा आपोआप जमते, ही समजूत मात्र अनेक घरांना महागात पडते. कूस बदलायची राहते, औषधाची वेळ चुकते, जागरणाने सेवा करणाऱ्याची चिडचिड होते आणि मग आपले प्रेमच कमी पडले की काय, ही शंका मन कुरतडते. प्रेमाला शिक्षणाची जोड हवी, हे ख्रिस्ती परिचर्या विद्यालयांनी फार पूर्वी ओळखले होते.

जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठी कैसर्सवर्थ येथे थिओडोर फ्लीडनर आणि त्यांच्या पत्नी फ्रेडेरिके यांनी १८३६ मध्ये सेवाव्रती स्त्रियांना रुग्णसेवेचे शिक्षण देणारी संस्था काढली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५१ मध्ये तेथे सुमारे तीन महिने शिक्षण घेतले. पुढे १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांचे परिचारिका विद्यालय सुरू झाले.

आपल्या देशात या परंपरेचे ठळक उदाहरण म्हणजे तमिळनाडूतील वेल्लोर. तरुण आयडा स्कडर यांच्या दाराशी एका रात्री तीन निरनिराळ्या घरांतील पुरुष आले. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडल्या होत्या. पण पुरुष डॉक्टरचा हात त्यांना चालणार नव्हता. आयडांना वैद्यक येत नव्हते. तिन्ही स्त्रिया दगावल्या. आयडा अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाल्या आणि १९०० मध्ये त्यांनी वेल्लोरला एका खाटेचा दवाखाना उघडला. १९०९ मध्ये तेथे परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. स्त्रियांसाठीचे वैद्यकीय विद्यालय त्यानंतर, १९१८ मध्ये निघाले. १९४६ पासून परिचर्येचा पदवी अभ्यासक्रमही तेथे आहे.

या शिक्षणामागील पहिले मूल्य म्हणजे रुग्णाची प्रतिष्ठा. प्रत्येक मनुष्य ईश्वराचे प्रतिरूप आहे, अशी ख्रिस्ती श्रद्धा. म्हणून अंघोळ घालताना आडोसा करणे, स्पर्श करण्यापूर्वी सांगणे, शुद्ध हरपलेल्यालाही नावाने हाक मारणे, हे सारे उपचाराचाच भाग ठरते. दुसरे मूल्य नम्रतेचे. येशूने शिष्यांचे पाय धुतले. त्यामुळे मलमूत्र स्वच्छ करण्याचे काम येथे हलके मानले जात नाही. तिसरे मूल्य कौशल्याचे. अंतःकरण कितीही कोमल असले, तरी न धुतलेले हात रुग्णाला अपायच करतात.

बायबलमधील चांगल्या शोमरोन्याची कथाही या संदर्भात नव्याने वाचावी अशी आहे. वाटेत जखमी होऊन पडलेल्या परक्या माणसाच्या जखमा त्याने बांधल्या, त्याला स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले आणि रात्रभर सांभाळले. दुसऱ्या दिवशी मात्र तेथील मालकाला पैसे देऊन पुढची काळजी त्याच्यावर सोपवली, अधिक खर्च परतताना देण्याचे वचन दिले आणि तो मार्गस्थ झाला. त्याची सेवा त्यामुळे उणी ठरली नाही. रुग्णालयातील परिचारिकाही पाळी संपताच रुग्णाची सर्व माहिती पुढच्या परिचारिकेला देऊन घरी जाते. आईसाठी मदतनीस ठेवली म्हणून अपराधी वाटणाऱ्या मुलीने, सुनेने वा मुलाने हे ध्यानात ठेवावे.

या शिस्तीतले बरेच काही घरी आणता येते. उशाशी एक वही ठेवावी. औषधे, आहार, लघवी-शौच आणि झोप यांची वेळेसह नोंद करावी. स्वतः हलू न शकणाऱ्या रुग्णाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावी. नेमके अंतर डॉक्टर वा परिचारिकेला विचारून ठरवावे. माकडहाड, टाचा व कोपर रोज पाहावेत. तेथे लाली दिसल्यास ती जागा चोळू नये. तिच्यावरील दाब काढावा आणि त्वरित सल्ला घ्यावा. रुग्णाला हात लावण्यापूर्वी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. रुग्णालयातून घरी निघण्यापूर्वी कूस बदलण्याची व उचलून बसवण्याची रीत परिचारिकेकडून प्रत्यक्ष करून शिकून घ्यावी. तसे विचारण्यात संकोच नसावा. परिचारिकाही हे सारे शिकूनच आलेली असते.

आणि घरातील सेवेच्या पाळ्या ठरवताना सेवा करणाऱ्याच्या झोपेची वेळही त्याच वहीत लिहावी.