लामणदिव्याची साखळी कुठे गेली?

देहूरोड बाजारात माझं भांड्यांचं दुकान आहे, हे चॅनल बघणाऱ्यांना माहीत आहेच. गेल्या दिवाळीआधी पितळी लामणदिवे ऑनलाइन टाकले. मोबाइलवर फोटो काढला, फुकटच्या अ‍ॅपमध्ये टाकला, पाच सेकंदांत बॅकग्राउंड पांढरं. मी खूश! पण ऑर्डर काही येईना. आठवड्यानं एका ताईंचा मेसेज आला, "साखळी वेगळी घ्यावी लागेल का?" फोटो मोठा करून बघतो तर दिवा आहे, साखळी अर्धी गायब. ऐन सीझनमध्ये चाळीस दिवे पडून राहिले.

व्हिडिओत हे घाईत झालं, इथे नीट सांगतो.

पूर्वी फ्लेक्सवाले फोटोशॉपमध्ये कडेकडेनं क्लिक करत 'कटिंग' करायचे. एका फोटोला अर्धा तास सहज जायचा. २००४ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या रोदर, कोल्मोगोरोव्ह आणि ब्लेक यांनी 'ग्रॅबकट' ही पद्धत मांडली. वस्तूभोवती फक्त चौकोन काढायचा. चौकोनाबाहेरचं सगळं बॅकग्राउंड धरायचं आणि त्या रंगांवरून आतला प्रत्येक ठिपका कुठल्या बाजूचा ते ठरवायचं. शेजारचे ठिपके शक्यतो एकत्र ठेवायचे आणि रंग एकदम बदलतो तिथूनच काप न्यायचा. पोस्टाचं तिकीट छिद्रांच्या रेषेवर फाटतं ना, तसंच. म्हणून करड्या फरशीवर स्टीलचा डबा ठेवलात तर काप डब्यात घुसणारच. रंगात फरकच नाही!

आजची अ‍ॅप्स नुसता रंग बघत नाहीत. आधीच कटिंग केलेले हजारो फोटो दाखवून त्यांना वस्तूचा आकार ओळखायला शिकवलेलं असतं. पण खरी मेख पुढे आहे. 'रेमबीजी' नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यातलं 'यू-टू-नेट' मॉडेल तुमचा फोटो आधी ३२० बाय ३२० ठिपक्यांचा करून मगच बघतं. मोबाइलचा फोटो चार हजार ठिपके रुंद असतो, म्हणजे बारा-तेरा ठिपक्यांचा एक झाला. साखळीची तार दहा ठिपके जाड असेल तर तिला तिथे एक अख्खा ठिपकाही मिळत नाही. दिसलीच नाही, तर ठेवणार काय?

मग मी काय केलं? साखळीचा भाग वेगळा कापून अ‍ॅपला दिला, म्हणजे तो मोठा दिसतो, आणि नंतर दोन्ही तुकडे जोडले. मागे करडी कार्डशीट लावली, दिव्यापासून दोन फूट लांब. निळी लावून बघितली होती, पण निळी झाक पितळात उतरली आणि दिवा आजारी दिसायला लागला. फ्लॅश बंद, दारातला उजेड.

अ‍ॅमेझॉनला मुख्य फोटोत शुद्ध पांढरं बॅकग्राउंड लागतं, म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही २५५. वस्तूनं चौकटीचा ८५ टक्के भाग तरी व्यापायला हवा. पण कापलेला फोटो अपलोड करण्याआधी एकदा भडक लाल रंगावर ठेवून बघाच. पांढऱ्यावर कडेची खोड लपते, साखळीच्या कड्यांमध्ये राहिलेलं बॅकग्राउंडही लपतं.

काचेच्या बरण्या विकत असाल तर अ‍ॅपच्या नादी लागू नका. काचेतून मागचं दिसतं, मग ते वस्तूत धरायचं की बॅकग्राउंडमध्ये? अ‍ॅप तिथे हमखास गोंधळतं. सरळ पांढऱ्या कागदावर ठेवा आणि मागून उजेड द्या.