आठ कॉम्प्युटर, एक कमांड... आणि पासवर्ड कोणाकडे?



समजा तुमचं अकाउंटिंगचं छोटं ऑफिस आहे. आठ कॉम्प्युटर, सगळे एकाच राउटरवर. जीएसटी रिटर्नची शेवटची तारीख आणि नेमक्या चार मशीनवर प्रिंट अडकलीय. प्रत्येक टेबलापाशी जाऊन प्रिंट स्पूलर बंद-चालू करायचा म्हणजे अर्धा तास गेला. हेच काम तुमच्या खुर्चीत बसून एका ओळीच्या कमांडने होतं. त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचात पीएसएक्झेक नावाचं टूल फुकट मिळतं.

ते करतं काय? समोरच्या कॉम्प्युटरवरच्या एका छुप्या शेअरमध्ये छोटी फाईल टाकतं. ती तिथे सर्व्हिस म्हणून सुरू होते, तुमची कमांड चालवते आणि उत्तर तुमच्या स्क्रीनवर आणते. त्यासाठी फाईल शेअरिंग चालू हवं, फायरवॉलमध्ये पोर्ट 445 उघडा हवा आणि समोरच्या मशीनवर अ‍ॅडमिनचे अधिकार हवेत.

खरी गडबड या अधिकारांपाशी होते. छोट्या ऑफिसात सर्व्हर नसतो, नुसता वर्कग्रुप असतो. तिथे पासवर्ड बरोबर देऊनही बहुतेक वेळा 'अ‍ॅक्सेस डिनाइड' येतं, कारण नेटवर्कवरून आलेल्या लोकल अ‍ॅडमिनचे अधिकार विंडोज मुद्दाम कमी करतं. मग हार्डवेअरवाला येतो, ते संरक्षण काढतो, फायरवॉल बंद करतो आणि आठही मशीनना एकच पासवर्ड ठेवतो. फर्मचं नाव, पुढे 123! काम होतं, आपण खूश.

आता 2017 च्या जूनमधलं उदाहरण बघा. नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या एका टॅक्स-अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला. एका मशीनच्या मेमरीतून तो अ‍ॅडमिनचे पासवर्ड काढायचा आणि हेच पीएसएक्झेक वापरून बाकीच्या मशीनवर जायचा. आपल्या न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं कामसुद्धा त्यात अडकलं होतं. टूल तेच, फक्त हात दुसऱ्याचे.

म्हणून माझं स्पष्ट मत: पाच-सात मशीन असतील तर उठून चालत जा, पायही मोकळे होतात! त्याहून जास्त असतील आणि हे वापरायचंच असेल, तर प्रत्येक मशीनचा अ‍ॅडमिन पासवर्ड वेगळा ठेवा. डायरीत लिहून डायरी कपाटात कुलूप लावून ठेवली तरी चालेल. कमांडच्या फाईलमध्ये मात्र पासवर्ड लिहू नका. स्टाफचं रोजचं काम साध्या युजर खात्यावर होऊ द्या. आणि रीस्टार्टची कमांड देण्याआधी एकदा मोठ्याने विचारा, "सेव्ह केलं का रे सगळ्यांनी?" नाहीतर कुणाची तासाभराची एन्ट्री उडालीच म्हणून समजा.

आज एवढं करा. प्रत्येक मशीनवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इंग्रजीत 'नेट लोकलग्रुप अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स' टाईप करा. अ‍ॅडमिन कोण कोण आहे ती यादी समोर येईल. गेल्या दिवाळीत नोकरी सोडून गेलेल्या मुलाचं खातं त्यात अजून दिसत असेल, तर प्रिंटर राहू द्या, आधी ते काढा.