'जयभीम' हे मालाचे लेबल नव्हे!

आळेफाट्याच्या बाजारात कांदा आला की व्यापारी आधी माल पाहतो, मगच दहा किलोचा भाव बोलतो. बाजाराची ही साधी रीत आपल्या विहारांत आणि बचत गटांत मात्र सोडून दिली जाते.

एप्रिल जवळ आला की आमच्या वस्त्यांत नवे 'हितचिंतक' दिसू लागतात. कोणी विम्याचा, कोणी प्लॉटचा, कोणी ताकदीच्या पावडरीचा. सुरुवात 'जयभीम'ने होते, जयंतीच्या फलकावर बाबासाहेबांशेजारी कंपनीचे नाव झळकते आणि मग हळूच पावतीपुस्तक बाहेर निघते. आमचा विरोध विक्रीला नाही, या लपवाछपवीला आहे.

आमच्या माणसाने धंदा करू नये, असे तर आम्ही मुळीच म्हणणार नाही. बडोद्याची नोकरी सोडल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर व्यवहारांचा सल्ला देण्याचे काम सुरू केले. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक आटले. १९२० साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी' तयार झाला नाही. अशा बाजारात २०१६ साली चंद्रभान प्रसाद यांनी 'दलित फूड्स' या नावाने मसाले आणि लोणची विकायला काढली. विकणारा कोण आणि माल काय, हे त्यात उघड होते. घ्यायचे की नाही, हे गिऱ्हाइकाच्या हाती. याला म्हणतात प्रामाणिक जाहिरात!

फलकावर नाव छापणाऱ्या मंडळांनी कायदाही समजून घ्यावा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने फसव्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुरेशी शहानिशा न करता तिची भलामण करणाराही त्यातून सुटत नाही. 'माणसे जोडा, पैसे मिळवा' अशा साखळी योजनांना २०२१ च्या थेट विक्री नियमांनी मनाई केली आहे.

तेव्हा विहारात विकायला येणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. तू कोणाचा माणूस? यात तुला किती मिळणार? माल परत केला तर पैसे देणार का? सरळ उत्तर देईल त्याला खुशाल बसू द्या. माल चांगला असेल तर घ्याही.

कोणी सांगतो म्हणून मानू नका, पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. जो धम्म स्वतःची पारख करायला सांगतो, त्याच्या नावावर न पारखलेला माल का खपावा?