नेलेलं आणि राहिलेलं गडचिरोली

‘ऐन-ए-अकबरी’त वैरागडच्या हिऱ्यांचा उल्लेख आहे. आज आरमोरीहून वैरागडला गेलात तर हिरे सोडाच, खाणींचा मागमूसही लागत नाही. गोंड राजांच्या किल्ल्याचा खंदक, ढासळलेला तट आणि त्यावर माजलेलं रान, एवढंच दिसतं. तरीही गडचिरोली जिल्हा पाहायला निघालेल्याने सुरुवात इथूनच करावी. या मुलखातलं जे जे मोलाचं ते कुणी ना कुणी उचलून नेलं. आधी हिरे, मग साग आणि बांबू, मधल्या काळात चक्क हाडं आणि आता लोखंडाचा दगड. पाहायचं ते नेऊन उरलेलं, आणि उरलेलंही थोडंथोडकं नाही.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून हा जिल्हा वेगळा झाला. साडेचौदा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास पसारा आणि त्यात पाऊण हिश्श्याच्या आगेमागे जंगल. सरकारी नोकरांच्या बोलण्यात गडचिरोली म्हणजे शिक्षेची बदली, आणि बाकी महाराष्ट्राला तो ठाऊक झाला तो नक्षलवादाच्या बातम्यांतून. बातम्या खोट्या नव्हत्या. पण वैनगंगेच्या काठाने उत्तरेकडून दक्षिणेला जाणाऱ्याला जे दिसतं, ते त्या बातम्यांत कधी मावलं नाही.

चामोर्शी तालुक्यातल्या मार्कंड्याला वैनगंगा वळण घेऊन उत्तरेकडे वाहते, म्हणून ती जागा पवित्र. काठावर नागर शैलीतल्या देवळांचा समूह आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७०च्या दशकात इथे आले, तेव्हा त्यांनी वीसहून अधिक देवळांची नोंद केली. त्यातली बरीचशी आता नाहीत. मुख्य देवळावर पूर्वी कधीतरी वीज पडली, शिखर कोसळलं आणि गोंड राजवटीत त्याची डागडुजी झाली. ती कलाकुसरीच्या मानाने ओबडधोबड आहे, पण मला ती आवडते. पडलेलं देऊळ तसंच टाकून न देता जमेल तसं उभं करणाऱ्यांची ती खूण आहे. अलीकडच्या दुरुस्तीचं काम मात्र लांबत गेलं. ‘विदर्भाचं खजुराहो’ ही उपाधी कानावर पडेलच, पण तुलनेच्या नादी लागू नये. भिंतींवरच्या सुरसुंदरी आणि शिवाची रूपं सकाळच्या तिरप्या उन्हात निवांत पाहावीत. महाशिवरात्रीच्या जत्रेत देव भेटतो, शिल्पं नाही. शिल्पांसाठी आडवार गाठावा.

पुढे चपराळ्याजवळ वैनगंगेला वर्धा येऊन मिळते आणि नदीचं नाव प्राणहिता होतं. तिथलं अभयारण्य १९८६चं. अहेरीकडे जाताना मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके आठवावेत. त्यांनी इंग्रजांविरुद्ध गोंड तरुणांची फौज उभारली, १८५८ मध्ये चिचगुडीच्या तारखात्याच्या छावणीवर हल्ला केला आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. पाहण्यासारखं स्मारक शोधू नका. हा सगळा परिसरच त्यांचा.

आलापल्ली सागासाठी प्रसिद्ध. तोड इतकी झाली की मूळचं जंगल कसं होतं हे दाखवायला अवघा सहा हेक्टरचा तुकडा राखून ठेवावा लागला. ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ म्हणतात ती हीच जागा, आणि २०१४ मध्ये ती जैवविविधता वारसा स्थळ ठरली. इथल्या बुंध्यांकडे मान वर करून पाहिलं की बाकीचं ‘घनदाट’ जंगल किती पोरसवदा आहे ते कळतं. जवळच कमलापूरचा हत्ती कॅम्प, राज्यातला एकमेव. पूर्वी लाकडं ओढणाऱ्या हत्तींचे हे वारस. २०२२च्या सुमारास त्यांनाही गुजरातला हलवण्याचा घाट घातला गेला. लोक आडवे आले आणि कमलापूरचे हत्ती कमलापुरातच राहिले.

आता ती हाडं. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला सिरोंचा तालुक्यात पोचमपल्लीच्या परिसरात १९६०च्या सुमारास कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना ज्युरासिक काळातल्या शाकाहारी डायनासोरची सुमारे ३०० हाडं सापडली. किमान सहा प्राणी, पण कवटी एकाचीही नाही. १९७५ मध्ये रवींद्रनाथांच्या नावावरून ‘बारापासॉरस टागोराय’ असं बारसं झालं, आणि सांगाडा उभा राहिला तो कोलकात्यात. मूळ गावचा माणूस तो पाहायला जाणार कसा? वडधमच्या जीवाश्म उद्यानात मात्र दगड झालेले वृक्षांचे बुंधे अजून जागेवर आहेत. तिथे मार्गदर्शकाशिवाय जाऊ नका, नाहीतर पायाखालचा ‘दगड’ काय आहे ते कळणारच नाही. खुद्द सिरोंचा १८६०च्या दशकात इंग्रजांच्या ‘अप्पर गोदावरी’ जिल्ह्याचं मुख्यालय होतं. मध्य हिंदुस्थानातला कापूस गोदावरीतून होड्यांनी समुद्राला न्यायचा, असा त्यांचा बेत होता. खडकांनी तो हाणून पाडला आणि १८७१ मध्ये काम सोडून दिलं. समोर तेलंगणातलं काळेश्वर, बाजारात तेलुगू. थोडं पुढे सोमनूरला इंद्रावती गोदावरीत शिरते. तो संगम चुकवू नये.

भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा अशा तीन नद्या भेटतात. पावसाळ्यात पर्लकोटा चढली की गाव जगापासून तुटतं, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ बरा. अलीकडच्या हेमलकशाला बाबा आमट्यांनी १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तिथे बसने घोळके येतात, प्राण्यांचं अनाथालय पाहून परततात. दवाखाना आणि शाळाही पाहावी. माडिया आदिवासींच्या गावात शिरताना कॅमेरा पिशवीत आणि आधी गावच्या पुढाऱ्याला विचारणं, एवढं पथ्य पाळावं.

एटापल्लीची सुरजागड टेकडी हे ठाकूरदेवाचं ठाणं. जानेवारीत तिथे यात्रा भरते आणि वर्षभर खनिजाचे ट्रक उतरतात. आलापल्ली-आष्टी रस्त्यावर त्यांची रांग लागली तर वेळापत्रकावर पाणी सोडावं. याउलट धानोऱ्याजवळच्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, आणि २०११ पासून बांबू कुणाला विकायचा ते ग्रामसभा ठरवते. इथे बघण्याजोगं म्हणजे गावाची बैठक. तिला बसायचं असेल तर आधी कळवून मगच जावं.

दिवाळीनंतर निघणार असाल तर वडसा-देसाईगंजला रेल्वेने उतरा. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या जंगलपट्ट्याच्या, नाटकांचा हंगाम तेव्हाच सुरू होतो आणि नाटक कंपन्यांचं केंद्र वडसाच. खेड्यात दिवसा मंडईची जत्रा नाहीतर बैलांच्या शर्यतींचा शंकरपट, रात्री नाटक. पडदा जेवणानंतर उशिरा उघडतो आणि पहाटेपर्यंत पडत नाही. आज कोणत्या गावाला प्रयोग आहे ते वडशातच विचारा, जेवून जा आणि ब्लँकेट न्या, कारण बसायला बहुतेक ठिकाणी धानाच्या बांध्यांतच जागा मिळेल.