मानेवरची गाठ

मानेला गाठ म्हणून येणाऱ्यांत लसिकाग्रंथींच्या गाठीच मी जास्त पाहतो. काखेत-जांघेत अवधाण येते, तसाच हा प्रकार. लहान मुलांत घसा, किडका दात किंवा डोक्यातल्या उवांमुळे त्या येतात नि बहुधा दोन-तीन आठवड्यांत ओसरतात. तरुणांत, विशेषतः मुलींत, एकमेकींना चिकटलेल्या गाठी दिसल्या की मला आधी क्षयाची गंडमाळ आठवते. लेप लावत बसू नये. सुईने नमुना काढून तपासावा. क्षय निघाल्यास साधारण सहा महिने औषधे घ्यावी लागतात. ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. गिळताना वरखाली होणारी गाठ बहुधा थायरॉईडची.

धास्ती वाटते ती तंबाखू खाणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या टणक गाठीची. "दुखत नाही हो डॉक्टर," म्हणत तो महिनोन् महिने काढतो. त्याला मी आधी तोंड उघडायला सांगतो.