जावा संथ नाही, पुन्हा पुन्हा चालू करणं महाग आहे

चेन्नईतल्या पेरुंगुडीत ओएमआर रस्त्याच्या कडेच्या आयटी इमारतींत बँका-विमा कंपन्यांचे जुने कोबोल प्रोग्रॅम सांभाळणारे बरेच आहेत. नवी गरज आली की तेवढा हिशेब जावात लिहायचा आणि कोबोलमधून बोलवायचा. मग रात्रीचा बॅच जॉब सकाळपर्यंत रेंगाळला की खापर जावावर: ‘ती संथच आहे!’

सुमारे ६०० क्लास लागणारा एक छोटा नमुना प्रोग्रॅम जेडीके २३ वर ०.०३१ सेकंदात चालून संपतो, अशी ओपनजेडीकेची मोजणी आहे. एकदा चालवला तर कुणाला कळणारही नाही. पण कोबोलच्या परफॉर्म लूपमध्ये दर रेकॉर्डला ‘जावा’ कमांड दिली असेल, तर १ लाख रेकॉर्डांमागे जवळजवळ ५२ मिनिटं नुसत्या उठाबशांत जातात. मेनफ्रेमवर आकडे बदलतील, गुणाकार चुकणार नाही. शिवाय हा झाला नमुना. स्प्रिंग पेटक्लिनिक हे वेब ॲप सुरू होताना २१,००० च्या आसपास क्लास लोड होतात; त्याला त्याच जेडीके २३ वर ४.४८६ सेकंद लागले होते.

नुकतंच सुरू झालेलं जेव्हीएम (जावा चालवणारं आभासी यंत्र) बाइटकोड आधी इंटरप्रिटरनं चालवतं, कोणती मेथड वारंवार लागते ते मोजतं आणि मग ती जेआयटी कंपायलरकडे देतं. दर रेकॉर्डला प्रोसेस संपवली की ही सगळी मोजणी पाण्यात. जावाला वेग घ्यायला आपणच वाव दिलेला नसतो.

‘हीप वाढवा’ हा सल्ला तर हमखास येतो. गार्बेज कलेक्शनचा जाच असेल तर उपयोग होईल. क्लास लोड करण्याचं काम त्यानं तसूभरही घटत नाही.

याहून गोत्यात आणणारा समज म्हणजे जेएनआयनं (जावा इतर भाषांतल्या कोडशी जोडणाऱ्या इंटरफेसनं) जेव्हीएम आपल्याच प्रोसेसमध्ये चालू करायचं, काम झालं की बंद करायचं, लागलं की पुन्हा चालू. ओपनजेडीकेच्या हॉटस्पॉट जेव्हीएममध्ये हे जमत नाही. एकदा ‘डिस्ट्रॉय’ केल्यावर त्याच प्रोसेसमध्ये दुसरं जेव्हीएम मागितलं की एरर कोड हातात पडतो. जॉबच्या सुरुवातीला एकदाच चालू करा, त्याचा पॉइंटर जपून ठेवा, शेवटीच सोडा. मेनफ्रेमवरच्या सीआयसीएस या ट्रान्झॅक्शन प्रणालीतला जेव्हीएम सर्व्हरही याच वाटेनं जातो: एक जेव्हीएम, अनेक ट्रान्झॅक्शन्स.

मार्च २०२५ मध्ये आलेल्या जेडीके २४ मधली एओटी कॅश, म्हणजे क्लास आधीच लोड करून ठेवलेला साठा, वापरली, तर पेटक्लिनिक २.६०४ सेकंदांत उभं राहतं आणि तो छोटा नमुना ०.०१८ सेकंदात आटोपतो. सुधारणा मोठी आहे, पण लूप तसाच ठेवला तर ५२ मिनिटांची फक्त ३० होतात. कमांड लूपबाहेर काढली, तर जुन्या जेडीकेवरही हा खर्च रात्रीतून एकदाच.